पडद्यामागची माणसे



तुम्ही कधी ना कधी नाटक पाहिले असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या लहानशा नाटकात कामही केले असेल. नाटक संपल्यावर आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जाताना म्हणतो, "अमक्याने काय सुंदर काम केले!" आपल्या लक्षात राहतो तो रंगमंचावर उभा असलेला नट. पण तो नट तेथे उभा राहावा म्हणून किती माणसांनी किती दिवस कष्ट केलेले असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या पाठात आपण अशाच काही माणसांची ओळख करून घेणार आहोत. ही माणसे एका प्रसिद्ध मराठी नाटकाशी संबंधित आहेत. त्या नाटकाचे नाव आहे 'एकच प्याला'. त्याचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला झाला. आज शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी मराठी रंगभूमीचा विषय निघाला की या नाटकाचे नाव घेतल्याशिवाय बोलणे पुरे होत नाही.

'एकच प्याला' ही शोकान्तिका आहे. ज्या नाटकाचा शेवट दुःखात होतो, त्याला मराठीत शोकान्तिका म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'अलमिया' म्हणतो. मात्र शेवटी कोणी मरण पावले म्हणजे शोकान्तिका झाली, असे नाही. चांगला, गुणी माणूस स्वतःच्याच एखाद्या दोषामुळे नाश पावतो आणि तो नाश आपल्या डोळ्यांदेखत होत असतानाही आपण काही करू शकत नाही, तेव्हा खरी शोकान्तिका घडते.

या नाटकातील सुधाकर हा हुशार पण मानी वकील आहे. न्यायालयात त्याचा अपमान होतो. त्याचा राग अनावर होतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. हा अपमान त्याला सहन होत नाही. त्याचा कारकून तळीराम त्याला दारूचा एक प्याला देतो. दुःख विसरण्यासाठी फक्त एकच! पण एकाचे दोन होतात, दोनाचे चार होतात. घरातील पैसा जातो, मान जातो, मित्र दुरावतात. श्रीमंत घरात वाढलेली त्याची पत्नी सिंधू लोकांचे दळण दळून संसार चालवते. पण नवऱ्याविषयी वाईट शब्द तोंडातून काढत नाही. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून स्वतःच्या तान्ह्या मुलाचा जीव जातो. सिंधूलाही प्राणघातक मार लागतो. मरता मरता ती फौजदाराला खोटेच सांगते, की नवऱ्याने मला मारले नाही. ती गेल्यावर सुधाकर दारूत विष घालून तो शेवटचा प्याला पितो.

आपल्या घरांत दारू हराम मानली जाते. तेव्हा हे नाटक आपल्यासाठी नाही, असे तुमच्यापैकी कोणाला वाटेल. पण व्यसन दार ठोठावताना घरमालकाचा धर्म विचारत नाही. शिवाय 'फक्त एकदाच' हे शब्द केवळ दारूपुरते नाहीत. गुटखा, सिगारेट, जुगार, या साऱ्यांची सुरुवात याच शब्दांनी होते. म्हणून ही गोष्ट सर्वांची आहे.

आता या नाटकाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे वळू.

पहिला माणूस अर्थातच नाटककार. राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ साली गुजरातमधील नवसारी येथे झाला. त्यांचे बालपण गुजरातमध्येच गेले. पुढे ते शिक्षणासाठी पुण्यास आले. पण महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाले नाही. नाटकाच्या ओढीने ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. तेथे मोठे नाटककार म्हणून त्यांचे स्वागत झाले नाही. मंडळीतील मुलांना शिकविण्यासारखी साधी कामे त्यांनी केली. पण ती करता करताच नाटक कसे उभे राहते हे त्यांनी जवळून पाहिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर या नाटककारांना त्यांनी गुरू मानले. 'गोविंदाग्रज' या नावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले.

गडकऱ्यांना क्षयरोग झाला होता. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. आता दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. लेखक जानेवारीत गेला आणि नाटक फेब्रुवारीत रंगमंचावर आले. मधे अवघे २८ दिवस! ज्या नाटकाने त्यांचे नाव अमर केले, त्याचा एकही प्रयोग गडकऱ्यांना पाहता आला नाही. प्रेक्षकांचे हुंदके त्यांनी ऐकले नाहीत, टाळ्याही ऐकल्या नाहीत.

लेखक जिवंत असता तर एखादे वाक्य कसे म्हणावे, एखादा प्रसंग कसा उभा करावा, हे त्याला विचारता आले असते. आता ती सोय उरली नव्हती. आता त्यांचे शब्द ही मागे राहिलेल्या माणसांच्या हातातील अमानत होती. ती सांभाळणे हेच त्यांचे काम होते.

यातील एक होते विठ्ठल सीताराम गुर्जर. 'एकच प्याला' हे संगीत नाटक आहे; म्हणजे त्यात गद्य संवादांच्या जोडीला पदेही आहेत. नाटकातील गाण्याला मराठीत 'पद' म्हणतात. ही पदे गडकऱ्यांचीच असतील असे पुष्कळांना वाटते. पण ती लिहिली गुर्जरांनी. ते गडकऱ्यांचे मित्र होते आणि त्या काळचे लोकप्रिय कथालेखक होते. दुसऱ्याच्या नाटकासाठी पदे लिहिणे हे अवघड काम आहे. पद नाटकातील पात्राच्या तोंडी शोभले पाहिजे. लिहिणारा दुसरा आहे, हे ऐकणाऱ्याला जाणवता कामा नये. गुर्जरांचे काम इतके चांगले झाले, की लोक त्यांचे नावच विसरले. पडद्यामागच्या माणसाचे यश पुष्कळदा असे असते.

पदे लिहून झाली की त्यांना चाली लागतात. येथे आपल्याला भेटतात सुंदराबाई जाधव. पुण्याच्या या गायिका ठुमरी, दादरा, गझल आणि लावणी फार सुंदर गात. त्यांच्याजवळ हिंदी-उर्दू गाण्यांच्या चालींचा मोठा साठा होता. 'एकच प्याला'मधील पदांना त्यांनी आपल्या साठ्यातील चाली दिल्या. म्हणजे पाहा, सिंधू ही महाराष्ट्रीय घरातील सून, तिचे शब्द मराठी. पण तिचे दुःख ज्या सुरांतून बाहेर पडले, ते सूर ठुमरी-गझलच्या वळणाचे होते. प्रेक्षकांना ते परके वाटले नाहीत. भाषेला सीमा असते. सुरांना ती फारशी अडवत नाही.

सुंदराबाई रंगमंचावर आल्या नाहीत. त्या काळी संगीत नाटक मंडळ्यांत स्त्रियांची कामे पुरुषच करीत. सिंधूची भूमिकाही एका पुरुषानेच केली. ते होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना हे नाव दिले, असे सांगतात. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा या मंडळीला आश्रय होता. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग गुजरातमधील बडोद्याला कसा, हा प्रश्न तुम्हांला पडला असेल, तर त्याचे उत्तर हे आहे. बडोद्याचे राजघराणे मराठी होते आणि तेथे मराठी नाटकाचे जाणकार प्रेक्षकही होते.

बालगंधर्व भरजरी शालू आणि दागिने घालून नायिका रंगवीत. त्यांनी नेसलेल्या लुगड्यांची आणि केसांत माळलेल्या फुलांची स्त्रिया नक्कल करीत. पण सिंधूच्या भूमिकेत हे सारे उतरवून ठेवायचे होते. पहिल्या अंकातील सुखी सिंधू शेवटच्या अंकात जुन्या, विरलेल्या लुगड्यात येते. ज्याला लोक सौंदर्यासाठी पाहायला येतात, त्याने दारिद्र्य दाखवून लोकांना रडवायचे, ही मोठी परीक्षा होती. ती त्यांनी उत्तम रीतीने दिली.

बालगंधर्वांच्या आयुष्यातील एक घटना येथे सांगितली पाहिजे. १९११ साली 'मानापमान' या नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी मरण पावली. तरीही ठरलेला प्रयोग त्यांनी केला. पुढे सिंधूच्या भूमिकेत त्यांना आपल्या तान्ह्या बाळासाठी आक्रोश करावा लागे. तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल, हे कोणी सांगू शकणार नाही. पण नटाला कधी कधी आपले खरे दुःख रंगपटात ठेवून बाहेर यावे लागते, हे आपण समजू शकतो.

सुधाकरची भूमिका गणपतराव बोडसांनी केली. ही भूमिका एका अर्थाने सिंधूहूनही कठीण. सिंधूवर प्रेक्षक सहज प्रेम करतात. सुधाकरचा मात्र राग येतो. तो बायकोला मारतो, मुलाचा जीव घेतो. अशा माणसाचा केवळ राग आला असता, तर ही शोकान्तिका झाली नसती. त्याची कीवही आली पाहिजे. हा मुळात चांगला माणूस होता, हे शेवटपर्यंत प्रेक्षकांच्या मनात राहिले पाहिजे. बोडसांनी ते साधले. त्यांनी पुढे 'माझी भूमिका' या नावाने आत्मचरित्र लिहिले.

आता रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, वादक बसतात तेथे पाहू. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीदारांचा मोठा लौकिक होता. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांची साथ असे. सारंगीवर उस्ताद कादरबक्ष असत. आणि तबल्यावर पुढे अनेक वर्षे बसले ते उस्ताद अहमदजान थिरकवा. हे उत्तर प्रदेशातील मुरादाबादचे. 'थिरकणे' हा शब्द तुम्हांला उर्दूतून परिचित आहे. तबल्यावर त्यांची बोटे थिरकत, नाचत. म्हणून लोक त्यांना थिरकवा म्हणू लागले आणि पुढे हेच त्यांचे नाव झाले.

थोडा विचार करा. मुरादाबादहून आलेला, घरी उर्दू बोलणारा एक माणूस रात्रीमागून रात्री मराठी नाटकाला साथ करतो. साथ म्हणजे केवळ ठेका धरणे नव्हे. गाणारा कोठे थांबेल, कोणत्या शब्दावर त्याचा कंठ दाटून येईल, कोठे तबला हळू झाला पाहिजे, हे कळण्यासाठी त्या शब्दांचा अर्थ मनात उतरावा लागतो. थिरकवांनी मराठी पुस्तकातून शिकली नसेल. पण सिंधूचे दुःख त्यांना समजले होते, हे त्यांच्या साथीवरून ऐकणाऱ्यांना कळे. पुढे ते रामपूर दरबारात गेले, लखनौला त्यांनी विद्यार्थी घडविले आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मोठ्या मैफलींत स्वतंत्र तबला वाजवून कीर्ती मिळवणारा हा उस्ताद मराठी नाटकात दुसऱ्याच्या गाण्यामागे बसला, यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

ज्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, ती माणसे ही. पण प्रत्येक प्रयोगामागे आणखी कितीतरी हात राबत. नाटक मंडळी म्हणजे एक फिरता संसारच. आज या गावी, महिन्याने दुसऱ्या गावी. पडदे, कपड्यांच्या पेट्या, वाद्ये, दिवे, स्वयंपाकाची भांडी, सारे सामान बैलगाडीने स्टेशनवर न्यायचे, आगगाडीत चढवायचे आणि नव्या गावी पुन्हा मांडायचे. सर्वांसाठी स्वयंपाक करणारे आचारी मंडळीबरोबर असत. गावात आधी जाऊन थिएटर ठरविणारा, हँडबिले वाटणारा, तिकिटे विकणारा व्यवस्थापक असे.

रंगमंचावर महाल, बाग, रस्ता किंवा गरिबाचे घर दाखविण्यासाठी रंगविलेले मोठे पडदे लागत. हे पडदे रंगविणारे चित्रकार फार कुशल असत. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री हे त्यांपैकीच एक. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. पुढे बाबूराव चित्रपटांकडे वळले आणि 'बाबूराव पेंटर' म्हणून प्रसिद्ध झाले. पेंटर हे त्यांचे आडनाव नव्हते. तो त्यांचा व्यवसाय होता. पडदे रंगविणाऱ्याची आठवण त्या नावातच राहिली आहे.

कपडेपट सांभाळणाऱ्याचे काम पाहा. पाच अंकांच्या नाटकात सिंधूचे लुगडे अंकागणिक बदलते. योग्य वेळी योग्य लुगडे हाताशी नसेल, तर सारा परिणाम बिघडेल. रंगभूषा करणाऱ्याला एका पुरुषाच्या चेहऱ्यावर स्त्रीचे लावण्य आणि पुढे तिचे सुकलेपण उमटवावे लागते. विंगेत हातात नाटकाची वही घेऊन सूचक, म्हणजे प्रॉम्प्टर, उभा असतो. नट वाक्य विसरला, तर हळूच पहिला शब्द सुचवायचा. तो प्रेक्षकांना ऐकू गेला तर चूक; नटाला ऐकू गेला नाही तरीही चूक. काम चांगले झाले, तर असा माणूस तेथे होता हेच कोणाला कळत नाही.

त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, यासाठी सर्वांनी शांतता राखणे आवश्यक असे. शेवटच्या अंकात सिंधू अखेरचे शब्द बोलते. आवाज क्षीण असला पाहिजे, कारण ती मरणाच्या दारात आहे; तरीही तो सर्वांना ऐकू गेला पाहिजे. अशा वेळी विंगेत कोणाच्या हातून एखादे भांडे पडले तरी सारा प्रसंग विस्कटेल. म्हणून पडदा ओढणारा दोरी हातात धरून श्वास रोखून उभा राहतो. दिवे सांभाळणारा जागचा हलत नाही. वादकांचे हात थांबलेले असतात. त्या क्षणी काहीही न करणे, स्तब्ध उभे राहणे, हेच त्यांचे काम असते. प्रेक्षक डोळे पुसतात ते सिंधूसाठी. पण तिचे ते शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचवलेले असतात या सर्वांनी मिळून.

मित्रांनो, सुधाकरचा नाश कशामुळे झाला, हे पुन्हा एकदा आठवा. मदतीला मित्र होता, जीव लावणारी पत्नी होती. तरी त्याने कोणाचा हात धरला नाही. अपमानाचे दुःख त्याने एकट्याने प्याल्यात बुडविले. आणि त्याची ही गोष्ट रंगमंचावर आली, ती मात्र अनेकांनी एकमेकांचा हात धरला म्हणून. लेखक गेला तेव्हा त्याचे शब्द इतरांनी उचलले. मराठी शब्दांना ठुमरी-गझलच्या चाली मिळाल्या, मुरादाबादचा तबला मिळाला, बडोद्याचा आश्रय मिळाला. मराठी रंगभूमीचा हा ठेवा ज्यांनी घडविला, त्यांत तुमची भाषा बोलणारी माणसेही होती. म्हणून मराठी शिकताना ती दुसऱ्या कोणाची भाषा आहे, असे मनात आणू नका. तिच्या अंगणात आपले वडीलधारे पूर्वीच बसून गेले आहेत.

या वर्षी तुमच्या शाळेत नाटक बसविले जाईल, तेव्हा एक गोष्ट अवश्य करा. फळ्यावर नटांची नावे लिहाल, त्यांच्याखाली आणखी काही नावे लिहा. पडदा कोणी ओढला, चादरी आणि दुपट्टे घरून कोणी आणले, संवाद कोणी पाठ करून घेतले, खुर्च्या कोणी मांडल्या आणि नाटक संपल्यावर त्या पुन्हा वर्गात कोणी नेऊन ठेवल्या, ती सारी नावे लिहा. आणि तुमच्या वाट्याला रंगमंचावरचे काम आले नाही, तर नाराज होऊ नका. दोरी हातात घ्या, नीट धरा आणि आपली वेळ येण्याची वाट पाहा. ती दोरी वेळेवर ओढली गेली, तरच पडदा उघडणार आहे.